वस्तीवरचं घर नकाशात कधी येणार?

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या कुठल्याही गावाचा जुना नकाशा पसरून पाहा. शेतीचा गट न् गट रेषांनी आखलेला दिसेल, त्याला क्रमांक असेल. ओढा, शिवरस्ता, गाडीवाट, सगळं जागच्या जागी असेल. मधोमध मात्र एक कोरा तुकडा असतो. त्यावर एकच शब्द लिहिलेला: गावठाण. इंग्रजांनी जमीन मोजली ती सारा बसवण्यासाठी. घराला शेतसारा नव्हता, त्यामुळे घरं मोजायची गरज त्यांना वाटली नाही. मोठ्या गावांत पुढे नगर भूमापन झालं, पण लहान गावांतली माणसं पिढ्यान् पिढ्या या कोऱ्या तुकड्यात राहिली. घराचा पुरावा म्हणून त्यांच्या हाती असायचा तो ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. भूकरमापक म्हणून या दोन तालुक्यांच्या बांधांवर माझी नोकरी झाली, आणि हा फरक समजावून सांगण्यात त्यातला बराच वेळ गेला.

या मुलखाला कागदाची धास्ती फार जुनी आहे. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर 1874 मध्ये एका सावकाराने देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडायला घेतलं. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही, शेत कसायचं नाही. पुढच्या 12 मे रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि शेजारच्या तालुक्यांत पसरला. इतिहासात तो दख्खनचे दंगे म्हणून नोंदला गेला. लोकांनी माणसांना फारसा हात लावला नाही. त्यांनी कर्जरोखे आणि हुकूमनामे मागून घेतले आणि जाळले. 1879 चा दख्खन शेतकरी मदत कायदा त्यातून आला. घर आणि जमीन दरोडेखोर नेत नाही, कागद नेतो, हे इथल्या शेतकऱ्याला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे. मोजणीला गेलो की म्हातारी माणसं माझ्याकडे आधी संशयाने बघायची. त्यात मला कधी गैर वाटलं नाही.

चोरापासूनची राखण ही वेगळी व्यवस्था होती. वेशीवर येसकर, रात्री जागल्या, आणि चोरीचा माग काढायला रामोशी. गाव झोपायचं ते या माणसांच्या जागरणावर. पण ज्यांच्या जिवावर गाव निर्धास्त, त्यातल्या महारांना राहायला वेशीबाहेरची जागा आणि मोबदल्यात तुटपुंजं वतन. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्येच महार वतनाविरुद्ध कायदेमंडळात विधेयक मांडलं. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. ते वतन गेलं हे उत्तमच झालं. पुढे 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलाचं वंशपरंपरेचं पद गेलं आणि 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. गावच्या सुरक्षेची कायद्यातली व्यवस्था आजही त्याच्यावर उभी आहे: गावात काय घडतंय ते पोलिसांना आणि दंडाधिकाऱ्याला कळवायचं.

ही सगळी रचना एका गृहीतावर चालायची. घरं एकमेकांना लागून आहेत, भिंतीला भिंत आहे, हाक मारली की चार दारं उघडतात. पाणी आलं आणि ते गृहीत मोडलं. शिरूरला घोड धरण आणि चासकमानचा कालवा, दौंडला खडकवासल्याचा कालवा आणि भीमेच्या काठावरच्या उपसा योजना. बाजरी-ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. पाटसला आणि न्हावऱ्याला साखर कारखाने झाले. उसाला रात्री-अपरात्री पाणी धरावं लागतं, गोठा जवळ लागतो. कुटुंबं गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. आडनावापुढे वस्ती किंवा मळा जोडला की झाला पत्ता, आणि एकाच गावात एकाच आडनावाच्या दोन-तीन वस्त्या. आज कित्येक गावांत गावठाणातले वाडे कुलूपबंद आहेत आणि दिवे लागतात ते शिवारात, लांब लांब.

नेमक्या याच काळात गावठाणाचा कोरा तुकडा भरू लागला. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. ड्रोन उडण्याआधी प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढतात. खरी मोजणी ती. आभाळातून छायाचित्र घ्यायला थोडा वेळ पुरतो, पण दोन भावांच्या पडवीमधून रेघ कुठून जाणार हे ठरायला सकाळची संध्याकाळ होते. मोरी कोणाची, पन्हाळीचं पाणी कोणाच्या अंगणात, बोळ सामायिक की खासगी, असे तीस-तीस वर्षं दबलेले वाद चुन्याची फक्की हातात घेतली की वर येतात. आणि मिटतातही. रेघेवर दोघांनी मान डोलावली की पुढच्या पिढीची कोर्टाची पायरी वाचते. मिळकत पत्रिका हातात पडलेल्या विधवा बाईच्या चेहऱ्यावरचा धीर मी पाहिला आहे. या योजनेबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण ती गावठाणापुरती आहे. वस्तीवरचं घर आजही कागदावर शेतच आहे. सातबाऱ्यावर ऊस लागतो, घर लागत नाही. त्याहून वाईट गोष्ट वाटेची. मळ्याकडे जाणारी वाट कोणाच्या तरी बांधावरून जाते. आजोबांच्या काळात बैलगाडीला कोणी अडवलं नाही, म्हणून नोंद करावी असं कोणाला सुचलं नाही. नातवांनी जमीन वाटून घेतली, नांगर दरवर्षी वीतभर पुढे सरकला आणि गाडीवाटेची पायवाट झाली. बाळंतीण बाईला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागलेली वस्ती मोजणीच्या कामात पाहिली, तेव्हा हा प्रश्न महसुलाचा राहिलेला नाही, जिवाचा आहे, हे माझ्या मनात पक्कं बसलं.

बिबट्याने हा प्रश्न उघडा केला. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. त्याच्या आडोशाला बिबट्याची मादी पिल्लं घालते आणि ऊस दाराच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर असतो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत भागात काही आठवड्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. पिंजरे, नुकसानभरपाई, दिवसा वीज या मागण्या रास्तच आहेत. माझ्या क्षेत्रातून मी आणखी एक जोडतो: घराभोवती ऊस नसलेला मोकळा पट्टा आणि वस्तीपर्यंत मोजून, नोंदवून दिलेला रस्ता. पिंजरा घेऊन येणारी गाडीही त्याच वाटेने येणार आहे.

2024 च्या पावसाळ्यात इथल्या आभाळात रात्री ड्रोन दिसू लागले आणि चोर टेहळणी करतात अशी धास्ती पसरली. तरुणांनी काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्त घातली. एका फोनवरचा आवाज साऱ्या गावाच्या मोबाइलवर पोचवणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा अशा वेळी उपयोगी पडते, पण कोणती वस्ती, कोणत्या वाटेने, हे सांगता आलं पाहिजे. जावा बेटावरच्या खेड्यांत वस्तीच्या तोंडाशी गस्तीची चौकी असते, तिथे इशाऱ्यासाठी वाजवायचा पोकळ लाकडी केंतोंगान टांगलेला असतो, आणि घराघरातला माणूस पाळीने रात्र जागवतो. आपल्याकडे राखण ठरावीक जातींवर टाकली होती. पाळीची गस्त मला त्याहून न्याय्य वाटते. एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन 31 ऑगस्ट 1952 रोजी पारधी समाज मुक्त झाला. चोरी झाली की अजूनही पहिली बोटं पारध्यांच्या पालाकडे वळतात. त्यांचीही घरं आहेत, आणि बहुतेकांच्या नावावर ती नाहीत. मोजणी तिथूनही सुरू झाली पाहिजे.

वस्तीच्या रस्त्यासाठी कायद्यात वाट आहे. 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा अडवलेला रस्ता खुला करून देतो. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. अर्ज तहसीलदाराकडे करायचा असतो, वकील लागतोच असं नाही.

दिवाळीला भावंडं मळ्यात एकत्र जमतात. फराळ झाला की सातबारा, वारस नोंद आणि वाटेचा नकाशा एकदा सगळ्यांनी मिळून वाचा. बहिणींची नावं लागली आहेत का बघा. शेजारच्या बांधकऱ्याशी बोलून वाटेला लेखी संमती घ्या, आणि येत्या ग्रामसभेत वस्तीच्या नावाचा, गट क्रमांकाचा आणि रस्त्याचा ठराव मांडा.