गीतातील ‘ती’ आणि सुबोधतेचा प्रश्न

ग्रेस यांच्या कवितेला दुर्बोधतेचा आरोप चिकटला, तो २०१२ साली कवीचे निधन झाल्यानंतरही सुटलेला नाही. नागपुरात दीर्घकाळ मराठी शिकवणाऱ्या या कवीची कविता मराठीच्या वर्गांतच अडून बसते, हा त्यातला गमतीचा भाग. मात्र तीच कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतून कानावर आली की कळत नसल्याची तक्रार सहसा कोणी करीत नाही. पुस्तक मिटून ठेवणारा वाचक आणि डोळे मिटून ऐकणारा श्रोता ही पुष्कळदा एकच व्यक्ती असते. मग चाल कवितेला सुबोध करते की काय?

‘निवडुंग’ (१९८९) या चित्रपटातील, हृदयनाथांनी स्वतःच गायिलेले पावसाचे गीत या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. ‘ती’ गेल्याच्या वेळचा पाऊस हा त्याचा विषय. प्रेयसीच्या विरहाचे गीत म्हणून ते वर्षानुवर्षे मनात जपणारे श्रोते आजही भेटतात. त्यांना कोणीतरी सांगते, की ही ‘ती’ म्हणजे आई आहे. श्रोता चमकतो, क्वचित दुखावतोही. आपल्या जागेवरून कोणी उठवावे तसे त्याला होते. पाठोपाठ कवीच्या चरित्राचा दाखला येतो, आणि ‘अमूर्त’ गीताचा उलगडा झाल्याचे समाधान सर्वांना लाभते.

वस्तुतः या उलगड्यासाठी चरित्राकडे जाण्याचे कारणच नव्हते. ती आई होती, हे गीतातच म्हटलेले आहे. प्रतिमेच्या आडून नव्हे, ‘आई’ हाच शब्द वापरून. पुढे अंगण येते, बालपण सरल्याची जाणीव येते. इतके स्वच्छ विधान अनेकदा ऐकूनही ऐकले जात नसेल, तर दोष दुर्बोधतेच्या माथी कसा मारावा?

लक्षणेची पहिली अट म्हणून आपल्या काव्यशास्त्राने मुख्यार्थबाध सांगितला आहे. वाच्यार्थ अडला की मन दुसऱ्या अर्थाच्या शोधात निघते. वाचक तेथे थांबू शकतो, मागची ओळ पुन्हा वाचू शकतो, त्रासू शकतो. श्रोत्याला ही सवड नसते. तो अडखळण्यापूर्वीच लय त्याला पुढच्या समेवर नेऊन सोडते. त्यामुळे अडचण नाहीशी होत नाही, तिची भेट तेवढी टळते. ज्या ओघात अडचण टळते त्याच ओघात साधे विधानही निसटते. मुखड्यातील ‘ती’ कानात एकदा प्रेयसी म्हणून स्थिरावली, की पुढचा ‘आई’ हा शब्द केवळ एक सूर होऊन जातो. चाल सुबोध करते असे म्हणण्यापेक्षा ती अर्थाची निकड शिथिल करते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

उलट बाजूचे उदाहरण माडगूळकरांचे. पुणे आकाशवाणीवरून १९५५–५६ मध्ये प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’तील छप्पन्न गीते सुबोधतेचा आदर्श मानली जातात. ती प्रासादिक आहेतच. पण रामकथा ठाऊक नसलेल्या माणसापुढे ती ठेवली, तर पदोपदी टीपा द्याव्या लागतील. श्रोत्याने घरून आणलेले ज्ञान गीताच्या खात्यावर जमा होते, इतकेच.

पुन्हा त्या पावसाकडे. शब्द बहुतेक परिचयाचे, वाक्ये व्याकरणदृष्ट्या पूर्ण. ‘आई’ हे उत्तर मिळाल्यावर गीत संपायला हवे. खरी गाठ नेमकी तेथून पुढे आहे. कवी आईचा उल्लेख करतो तो आपल्या रडण्याचे कारण म्हणून. आई गेल्यावर मूल रडते, याला कारण द्यावे लागत नाही. येथे ते दिलेले आहे. म्हणजे ती आई नसती तर रडू आले नसते, किंवा येऊ नये असे काही त्या जाण्यात होते, अशी शंका वाचकाला चाटून जाते. त्या रडण्यालाच एक ‘ही’ जोडलेला आहे: आणखी कोण रडत होते? पाऊस, म्हणावे तर कवीने तसे म्हटलेले नाही. या दोन अव्ययांनी केलेले काम त्या गीतातील सूर्याच्या आणि ढगांच्या प्रतिमांनीही केलेले नाही; मात्र दुर्बोधतेची चर्चा नेहमी होते ती त्या प्रतिमांची.

आणि ‘जाणे’. मराठीत हे क्रियापद मरणाला लागते, तसेच उंबरा ओलांडण्यालाही. आई वारली की घर सोडून निघून गेली, हे गीत सांगत नाही. चरित्राचा दाखला देणारे या ठिकाणीही एक बाजू निवडून मोकळे होतात. वर्गात हे गीत वाचले जाते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोण गेली? त्याचे उत्तर छापील ओळीवर बोट ठेवून देता येते. कुठे गेली, असे मात्र क्वचितच कोणी विचारतो.