ठिपके मोजा, मग नाव सांगा

फुलपाखरे ओळखणे हे मोठ्या शिकलेल्यांचे, महागड्या कॅमेऱ्यांचे काम, असे आपल्या लोकांना वाटते. तसे काही नाही. घरातला साधा मोबाईल आणि नीट पाहण्याची सवय, एवढ्यावर हे जमते. आमच्या वस्तीतील आम्ही काही पालक रविवारी विहारातील वंदना आटोपली की मुलांना घेऊन मागच्या नाल्याकाठी जातो. मुले फोटो काढतात आणि मग विहाराच्या ओट्यावर बसून आम्ही सारे ते मोठे करून पाहतो.

नाल्याकाठी रुईची झुडपे आहेत. तेथे केशरी रंगाचे, काळ्या किनारीचे, पुढच्या पंखांच्या टोकाशी पांढरा पट्टा असलेले फुलपाखरू हमखास दिसते. मुले लगेच ओरडतात, "प्लेन टायगर!" पण जरा थांबावे लागते. डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब तशी असते. मग खूण कोणती? पंख उघडे असलेला फोटो घ्यावा आणि मागच्या पंखाच्या मध्यभागी पाहावे. प्लेन टायगरला तेथे काळे ठिपके असतात. मादीला ३, नराला ४. एगफ्लायच्या मादीला मध्यभागी ठिपके नसतात, वरच्या कडेजवळ एकच असतो. गंमत अशी, की एगफ्लायचा नर काळाभोर, त्यावर जांभळट कडेचे पांढरे गोल. ही दोघे एका घरातली वाटतच नाहीत.

ही नक्कल कशासाठी? प्लेन टायगरची अळी रुईची पाने खाते. रुईच्या चिकातले विष तिच्या अंगात साठते आणि पुढे फुलपाखरातही राहते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. एगफ्लायची अळी घोळ खाते. आपण भाजी करतो तीच घोळ. तिच्यात तसे विष नाही. विषारी फुलपाखरासारखे दिसल्यामुळे तिच्या मादीचा जीव वाचतो. (रुईचा चीक मुलांच्या डोळ्यांत जाणार नाही, एवढे मात्र सांभाळावे.)

या नकलेचा उलगडा हेन्री बेट्स याने १८६२ साली मांडला. हा इंग्लंडमधील लेस्टरचा. लहान वयात शाळा सुटली आणि तो मोज्यांच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला. दिवसभर राबून तो रात्रीच्या वर्गाला जाई. १८४८ साली तो अ‍ॅमेझॉनच्या जंगलात गेला, तेथे ११ वर्षे राहिला. कामगारांच्या मुलांना हे मुद्दाम सांगावे.

कढीपत्त्यावर वाढणाऱ्या कॉमन मॉर्मनची तऱ्हा तर आणखी निराळी. त्याच्या माद्या ३ रूपांच्या. एक नरासारखी, बाकीच्या दोघी कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांसारख्या. तेथे पंख न पाहता अंग पाहावे. रोझचे अंग तांबडे, मॉर्मनचे काळे. फोटोत खूण दिसत नसेल तर आम्ही वहीत "ठरले नाही" असे लिहितो. अंदाजाने नाव लिहायचे नाही, हा आमचा नियम.

मुले बोलताना फुलपाखराची "जात" म्हणतात. एका रविवारी चौथीतल्या एका मुलीने विचारले, "शाळेत एकजण म्हणाला, तुमची जात वेगळी. मग आपल्याही अंगावर अशी खूण असते का?" ओट्यावर सारे गप्प झाले. आडनाव विचारून माणूस ओळखणारे आपल्यापैकी कोणाला भेटले नाहीत? पण हा प्रश्न लहान मुलीने विचारला होता आणि तिला उत्तर हवे होते.

उत्तर आपल्याच घरात होते. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन तरुण तथागतांकडे येतात. माणूस जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने, हा त्यांचा वाद. तथागत त्यांना गवत, झाडे, किडे, पतंग, मुंग्या, पशुपक्षी यांच्याकडे पाहायला सांगतात. यांच्यात जन्मजात वेगळ्या खुणा आहेत. माणसाचे मात्र केस, डोळे, हात, पाय पाहिले तरी अशी वेगळी खूण कोठेच सापडत नाही. बाबासाहेबांनीही १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये जात म्हणजे वंशाचा भेद हे म्हणणे खोडून काढले.

आम्ही त्या मुलीला आमचे हात पुढे करून दाखवले. "शोध," म्हटले. तिने उलटसुलट करून पाहिले. एका ताईच्या हाताला भांडी घासून पडलेल्या भेगा, एका काकांच्या बोटावर मशीनची जुनी जखम. "या तर कामाच्या खुणा," ती म्हणाली.

तेव्हापासून आम्ही फुलपाखरांसाठी "प्रजाती" हाच शब्द वापरतो. माणसाची प्रजाती सगळ्या जगात एकच. आयाबहिणींनो, बंधूंनो, तुमच्या मुलांनी असे काही विचारले तर त्यांना गप्प बसवू नका. त्यांना सोबत घेऊन ठिपके मोजा आणि संध्याकाळी वासेट्ठ सुत्त वाचून दाखवा.