कारवारच्या वाळूत रांपणीचा दोर

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर. तिथल्या बाजारात बांगडा भेटतो तो बर्फात निजलेला. तो पाण्यातून वर येताना पाहायचा असेल, तर संध्याकाळची पंचगंगा एक्स्प्रेस पकडावी. (नावाने कोल्हापूर आठवेल, पण ही पंचगंगा कुंदापूरजवळची!) रात्रीतून सकलेशपूरचा घाट उतरून गाडी सकाळी कारवारला पोहोचते.

१९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे कोकणी बोलणाऱ्या इथल्या जुन्या घरांत मराठी वाचनाची सवय होती. किनाऱ्याला नाव मात्र रवींद्रनाथ टागोरांचे. १८८३ साली ते आपल्या न्यायाधीश भावाकडे इथे राहिले होते.

टागोरांच्या या किनाऱ्यावर खारवी, हरिकंत्र, गाबीत मंडळींची रांपण पडत आली आहे. मालवणकडे हिलाच रापण म्हणतात. पावसाळा सरला की बांगड्या-तारल्यांचे थवे किनाऱ्याजवळ येतात. पाण्याचा बदललेला रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी पाहून जाणता माणूस इशारा करतो. जाळ्याच्या दोराचे एक टोक वाळूवर ठेवून होडी निघते, अर्धवर्तुळात जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडून ओढणे सुरू! वरच्या कडेला तरंगणारी बोंडे, खालच्या कडेला वजने, मध्ये बारीक विणीचा घोळ. पन्नास-साठ माणसे पाय वाळूत रोवून मागे-मागे सरकतात, दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात आणि शेवटी उथळ पाण्यात चांदी उसळते. आलेल्या मासळीतून होडी-जाळ्याचा वाटा निघतो, बाकीचे ओढणाऱ्यांचे. दोराला हात लावलेल्या परक्यालाही चार मासे द्यायची जुनी रीत आहे.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात यांत्रिक पर्ससीन नौका आल्या. थवा किनाऱ्याला लागण्याआधीच बाहेर समुद्रात घेरला जाऊ लागला आणि कर्नाटकातल्या बहुतेक मोठ्या रांपणी काही वर्षांतच गुंडाळल्या गेल्या. माणसे तीच, पण वाटेकऱ्यांचे मजूर झाले.

उरली ती वाळू. रांपणीला खडक चालत नाही, जाळे फाटते. सलग, मोकळा किनाराच लागतो. दक्षिणेकडची गावे नौदलाच्या सीबर्ड प्रकल्पासाठी आधीच उठली होती. त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये बंदर वाढवण्यासाठी याच किनाऱ्यावर लाटा अडवणारी भिंत घालण्याचे काम निघाले, तेव्हा मच्छीमार कुटुंबे रस्त्यावर उतरली. बाजारपेठ बंद राहिली. पुढे उच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली. बाहेरच्याला तो फिरायचा किनारा वाटेल. त्यांच्या लेखी ते शेत आहे.

उत्तरेला काळी नदीची खाडी, पलीकडे सदाशिवगड. १८४ किलोमीटर वाहून आलेले गोडे पाणी इथे खारे होते. ओहोटीला बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून पायाने चाचपत तिसऱ्या काढतात, खडकांवरची कालवे फोडतात. खाडीच्या कडेला पाग फेकणारा एखादाच. त्याला ना होडी लागते, ना पन्नास माणसे.

७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर या खाडीवरचा जुना पूल कोसळला आणि एक ट्रक पाण्यात गेला. चालकाला अंधारातून वाचवून आणण्यात पोलिसांबरोबर इथले मच्छीमारही होते.

जायचे तर गणपतीनंतर जावे. रांपण रोज पडत नाही, तिचे वेळापत्रकही नसते. पहाटे वाळूवर होडी उलटी दिसली, तर चहा पिऊन परतावे. सरळ करताना दिसली, तर चपला बाजूला काढून ठेवाव्यात.