काडतुसाची मुरड

कांहीं अवजारें अशीं असतात कीं, त्यांचें काम संपलें तरी त्यांच्यावरचा लोभ संपत नाहीं. उरणच्या आमच्या जुन्या घरांत माळ्यावर एक सागवानी पेटी आहे. तिच्याविषयीं आमचें असेंच झालें आहे. आजोबांची दुनळी बंदूक त्यांच्या पश्चात् सरकारजमा झाली. पण घरच्या घरीं काडतुसें भरण्याचीं अवजारें मागें राहिलीं. फुटलेली केप काढण्याचा खिळा, दारूचें आणि छऱ्यांचें पितळी माप, लांकडी दट्ट्या आणि टेबलाच्या कडेला स्क्रूनें आवळून बसवावयाचें एक लहानसें यंत्र, एवढाच तो संसार.

बार उडाला तरी त्या काळच्या काडतुसाची कागदी नळी आणि पितळी बूड बहुधा शाबूत राही. त्यांत नवी केप बसवावयाची, मापानें दारू ओतावयाची, नमद्याची चकती दट्ट्यानें दाबावयाची, वर छर्रे घालून पुठ्ठ्याची टिकली ठेवावयाची, आणि अखेरीस यंत्राचा दांडा फिरवून नळीचा काठ आंत वळवावयाचा. करंजीला मुरड घालणाऱ्या हातांस हें काम निराळें शिकवावें लागलें नसतें. अमेरिकेंत जॉन बार्लो यांनीं १८८४ सालीं काढलेल्या ‘आयडियल’ कंपनीचें अवजार तर थेट अडकित्त्यासारखें होतें. तेथील हौशी लोक असलीं जुनीं अवजारें अजूनही आवडीनें वापरतात.

ही आवड केवळ जुन्याच्या मोहाची आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. मोठ्या यंत्रांत माप यंत्राच्या पोटांत असतें. साध्या अवजारांत तें माणसाच्या हातांत राहतें. दारू अधिक पडली तर पहिली इजा स्वतःलाच व्हावयाची, म्हणून लक्ष ढळूं द्यावयाचें नाहीं. थंडीच्या दिवसांत मिठागरांवर आणि खाजणांत बदकें उतरत, तेव्हां आजोबा संध्याकाळ खर्ची घालून पंचवीस काडतुसें भरीत. प्रत्येक काडतूस बोटांखालून गेलेलें. त्यामुळें एकही उगाच उडवावेंसें त्यांना वाटत नसे.

कोणी म्हणेल, हें मारण्याच्याच कलेचें कौतुक झालें. आक्षेप खरा आहे. काडतूस काळजीनें भरलें म्हणून बदकाचें मरण हलकें होत नाहीं. शिवाय देशरक्षणाचें काम असल्या मापांनीं व्हावयाचें नाहीं, हें करंजाच्या नौदल शस्त्रागाराच्या शेजारीं राहणाऱ्या आम्हांस कोणीं सांगावयास नको. परंतु याच तालुक्यांत चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल सत्याग्रहाच्या वेळीं तेथें पोलिसांच्या गोळीबारांत सत्याग्रही हुतात्मे झाले. ज्यांनीं चाप ओढले त्यांनीं तीं काडतुसें भरलीं नव्हतीं. ज्यांनीं भरलीं त्यांना तीं कोणावर सुटणार याची कल्पना नव्हती. आयत्या काडतुसाची सोय ती हीच, आणि भयही हेंच. हातानें भरणारा माणूस अधिक दयाळू असतो, असें नव्हे. पण आपण काय भरीत आहों हें त्याला विसरतां येत नाहीं.

१९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचे दिवसही संपविले. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. पेटीविषयीं मात्र घरांत दर दिवाळीस वाद होतो. पितळ मोडींत घालावें, असें अर्ध्या घराचें मत आहे. मुलांचें मत निराळें. त्यांना काडतूस भरून पाहावयाचें असतें. त्यांच्यासाठीं आम्ही छऱ्यांच्या मापानें मोहरी मोजून दाखवितों. माप कांठोकांठ भरावें, पण वर शीग येऊं नये, एवढाच नियम. मुलें श्वास रोधून मोजतात, आणि एखादा दाणा खालीं पडला तर वांकून शोधतात. तेवढा वेळ तरी मोडीवाल्याचा विषय घरांत कोणी काढीत नाहीं.