गोधडीत बारदाना का लावला

गोंदिया

चि. छकुलीस,


पार्सल पोचलं, गोधडी आवडली, बरं वाटलं. पण फोनवर तू विचारलंस, "मावशी, मखमलीला लागून बारदाना कशाला लावलास? लेकराला टोचेल ना!" तेव्हा मागे बाळ रडत होतं, बोलणं अर्धवटच राहिलं. म्हणून हे पत्र.

अगं, बाकीची इंद्रियं तयार व्हायच्या आधी लेकराला स्पर्श कळायला लागतो. आईच्या पोटात असताना, दुसऱ्या महिन्याच्या अखेरीसच ओठांभोवतीच्या जागेला स्पर्श केला तर गर्भ हलून प्रतिसाद देतो. डोळ्यांना मात्र जन्मानंतरही नीट दिसायला कितीतरी महिने जातात. म्हणून पहिल्या वर्षात लेकरू जग ओळखतं ते बरंचसं तोंडाने आणि तळहाताने. 1979 साली अमेरिकेत मेल्टझॉफ आणि बोर्टन या दोघांनी महिनाभराच्या बाळांच्या तोंडात चोखण्या दिल्या, कुणाला गुळगुळीत, कुणाला गाठीगाठींची, आणि त्या डोळ्यांना दिसू दिल्या नाहीत. मग दोन्ही आकार समोर धरले, तर बहुतेक बाळं तोंडात होता त्याच आकाराकडे जास्त वेळ पाहत राहिली. पुढे दुसऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत असाच निकाल मिळाला नाही, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही. पण अंगणवाडीत जन्म गेला माझा. मांडीवरचं लेकरू आईच्या पदराचा काठ चिमटीत धरून किती वेळ चाचपत बसतं, ते मी रोज पाहिलं आहे.

बारदाना लावला तो यासाठीच. सगळंच मऊ दिलं तर बोटांना फरक कुठे कळणार? मखमल मऊ आहे हे कळायला शेजारी खरखरीत काहीतरी लागतं. तुमच्याकडच्या दुकानातली बाळांची खेळणी मी फोटोत पाहिली. रंग सुरेख, पण पुष्कळशी एकाच जातीच्या गुळगुळीत कापडाची. डोळ्यांना दहा गोष्टी आणि हाताला एकच.

आता बारदान्याचं. आपलं गाव धानाचं आणि राइस मिलचं, पोत्यांना काय तोटा! पण कोरा ताग तसाच लावता येत नाही. कारखान्यात तो नरम करायला तेल घालतात, त्याचा वास धरून राहतो. मी तुकडा सोड्याच्या पाण्यात उकळला, चांगला खंगाळला, कडक उन्हात वाळवला. वरचे मोकळे धागे कात्रीने काढले, कडा आत दुमडून दुहेरी शिवण मारली. तू गालावर फिरवून बघ. खरखरीत लागेल, बोचणार नाही.

मधला फिकट सोनेरी तुकडा तुझ्या आजीच्या करवतकाठी, कोशाच्या रेशमाच्या लुगड्याचा आहे. आंधळगावच्या विणकराकडचं लुगडं ते. तेव्हा आपण सगळे भंडारा जिल्ह्यातच होतो, गोंदिया वेगळा झाला तो 1 मे 1999 ला. कोशाचे किडे ऐनाच्या झाडावर वाढतात. त्या कोशाचा हाताने ओढलेला धागा कधी एकसारखा येत नाही, कुठे जाड, कुठे बारीक. म्हणून कोसा डोळ्यांना सपाट दिसला तरी बोटाला रवाळ लागतो. आणि काठावरचे ते करवतीचे दाते! ते छापलेले नाहीत गं. तीन धोटे चालवून, काठाचा आणि अंगाचा धागा ओळीओळीला एकमेकांत अडकवून ते विणतात. त्या जोडावर बोट फिरवलं की बारीक उंचवटा लागतो. लुगडं घडीवर चिरत चाललं होतं, नाहीतर मी कात्री लावली नसती. चांगला राहिलेला भाग तुझ्या लेकरापर्यंत पोचावा असं मनापासून वाटलं.

उरलेला, जाड टाक्यांचा तुकडा पोळ्याच्या झुलीचा. त्यावरचे आरसे, घुंगरू सगळे उसवून काढले. हाताला लागेल ते तोंडात जाणार, म्हणून गोधडीला बटण, मणी, लोंबती दोरी काही ठेवलं नाही.

आसपासच्या साध्या वस्तूंतून लेकरांना शिकवायचं हे शहाणपण माझ्या घरचं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. माँटेसरीबाईंची साधनं महाग, ती पाड्यावर कुठून आणणार? मग शिंपले, बिया, पानं, दगडगोटे हीच साधनं झाली. आम्हा सेविकांना हे सगळं त्यांच्यामुळे मिळालं, आणि त्यांचं नाव काढताना आजही मला भरून येतं. तरी आमचं शिकवणं मुख्यतः तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी असायचं. मांडीवरच्या लेकरांसाठी आम्ही वजन करायचो, लस आणि आहार बघायचो. खेळाचं बघायला वेळ उरायचा नाही. 2024 साली केंद्राने जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' आराखडा काढला, त्यात महिन्यागणिक खेळ दिले आहेत. हे फार आधी व्हायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

आता वापरायचं कसं ते. बाळ जागं आणि खुशीत असताना गोधडी जमिनीवर पसर आणि त्याला पोटावर ठेव. हात धरून तुकड्यावर घासू नको, त्याचा हात आपणहून जाऊ दे. हात गेला की "खरखर", "मऊमऊ" असं मराठीत म्हण आणि थोडी थांब. हात आखडून घेतला तर त्या दिवशी पुरे. सहा महिन्यांच्या आसपास ते वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेऊ लागेल, तेव्हा कोपरा उचलून चघळेलही, चघळू दे. पण झोपताना गोधडी पाळण्यात अजिबात ठेवायची नाही. वर्षाच्या आतल्या लेकराजवळ झोपेत मोकळं पांघरूण नकोच, तिथले डॉक्टरही हेच सांगतील. आठवड्याला शिवणी ओढून बघ. एखादा टाका सैल दिसला तर आधी तो घाल, मगच गोधडी काढ.

धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण. कोशाचा तुकडा पिळायचा नाही, म्हणून तो मी कच्च्या टाक्यांनी वेगळ्या अस्तरावर बसवला आहे. तो उसवून वेगळा धू आणि सावलीत वाळव.

जावईबापूंना आशीर्वाद, लेकराला गोड पापा.

तुझी,
मावशी