नियम कुणाच्या सोयीचा?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी एका शब्दावरून भांडण झाले.

थोरला पुण्याला इंजिनिअरिंग करतो. हॉस्टेलमध्ये शिकलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तो घरी घेऊन आला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत काढलेला हा खेळ पटावर कमी आणि बोलण्यात जास्त चालतो. एक जण गोष्ट सांगतो आणि न्यायही देतो; त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे गोष्टीतली पात्रे होतात. आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतो, ते जमले की नाही हे फासे सांगतात.

यातली काही पात्रे जादू करतात. जादू आणि फासे, दोन्ही शब्द ऐकून आम्ही दचकलो. जादूचे लवकर उलगडले. मंत्र नाही, तंत्र नाही, त्यावर कुणाचा विश्वासही नाही. सारी कल्पनेतली गोष्ट. फाशांबद्दल मात्र आम्ही मुलाला स्पष्ट सांगितले की पैसे लावले नाहीत तरी अनेक उलेमा अशा खेळाला मना करतात. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अम्मी, फासे ठेवून दिले. आता मोबाईलवर आकडा काढतो."

मुलांचे अब्बा हसले. "शब्द पाळलास, मतलब सोडलास," म्हणाले. सुट्टी संपण्याआधी मौलानांना विचारून घ्यायचे, असे ठरले.

खरे भांडण पुढच्या जुम्याला झाले. धाकटी नववीत आहे. तिच्या पात्राने आपल्या पाळीत शत्रूवर मोठी जादू टाकली आणि लगेच, त्याच पाळीत, पडलेल्या सोबत्याला उठवणारी झटपट जादूही केली. भाईजान म्हणाला, चालणार नाही. २०१४ च्या पुस्तकातला नियम असा की, झटपट जादू केली तर त्या पाळीत दुसरी जादू करता येत नाही. अगदी साधी, शक्ती खर्च न होणारी तेवढी चालते.

धाकटी म्हणाली, "दुसरी म्हणजे नंतरची. मोठी जादू मी आधीच केली होती. झटपटनंतर काहीच केलं नाही."

"डन्जन मास्टर मी आहे. मी म्हणतो तेच."

सोबती गोष्टीत मेला, पुस्तक आपटले गेले, आणि भावाबहिणीचे बोलणे बंद झाले.

दोन दिवसांनी पुस्तक आमच्यापुढे आले. खेळाच्या कंपनीने अशा शंकांची उत्तरे प्रसिद्ध केली आहेत, ती थोरल्याने दाखवली. झटपट जादूच्या आधीही दुसरी मोठी जादू नाही आणि नंतरही नाही. २०२४ च्या पुस्तकात तर नियम नव्याने लिहिला आहे: शक्ती खर्चून करायची जादू एका पाळीत एकदाच. जुने वाक्य मोघम नसते, तर ते पुन्हा लिहावे लागले नसते, असे आम्हांला वाटले. म्हणजे धाकटीची शंका खोटी नव्हती.

आम्ही तिला एवढेच विचारले, "हेच शत्रूच्या जादूगाराने केलं असतं, तर 'दुसरी'चा अर्थ तू काय लावला असतास?" ती गप्प झाली. मग थोरल्याला म्हणालो, "तुझं उत्तर बरोबर होतं. मग कारण का नाही सांगितलंस? 'मी म्हणतो तेच' हे कारण नव्हे."

रात्री जेवताना अब्बांनी बुखारी शरीफमधली बनू कुरैझाची हदीस सांगितली. असरची नमाज बनू कुरैझाच्या वस्तीत पोहोचूनच पढा, असे प्रेषितांनी (स.) सहाबांना (रजि.) सांगितले होते. वाटेतच असरची वेळ झाली. काहींनी शब्द धरला आणि नमाज तिथे पोहोचूनच पढली. काहींनी मतलब धरला, की हुकूम लवकर पोहोचण्याचा आहे, आणि वाटेत पढली. प्रेषितांनी (स.) दोघांपैकी कुणालाच दोष दिला नाही.

"दीनची आणि खेळाची बरोबरी नाही," अब्बा म्हणाले. "पण एवढं बघा, त्या दोघांतलं कुणीही स्वतःची सोय शोधत नव्हतं."

आमचा घास मात्र हातातच राहिला. गेल्या वर्षी सहावीच्या मराठीच्या पेपरात आम्ही 'कर' या शब्दाचा समानार्थी शब्द विचारला होता. एका मुलीने 'किरण' लिहिले. आम्ही चूक दिली. तिने शब्दकोश आणून दाखवला. कर म्हणजे हात, तसाच किरणही. आम्ही म्हणालो, "धड्यात हात आहे, तेच लिहायचं." पेपर पुन्हा काढायचे, बेरजा बदलायच्या, हे आम्हांला नको होते. गुण एकच होता, पण त्या वर्षी त्या मुलीने वर्गात पुन्हा शंका विचारली नाही. शाळा उघडली की तिला बोलावून तिचे उत्तर बरोबर होते हे सांगायचे आहे, इन्शाअल्लाह.

काल थोरला मौलानांकडे निघाला. दारातच धाकटीने त्याला हटकले, "भाईजान, 'आम्ही फासे वापरत नाही' एवढंच सांगू नका. मोबाईलचंही सांगा."

तो थांबला, हसला आणि म्हणाला, "मग तूही चल."