तलावाची पाळ आणि पेटीतला मासा

आमच्या वणीहून वर्धा नदी ओलांडून पूर्वेस गेले, की पुढे चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड-सिंदेवाही भागात जुने मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जागोजाग लागतात. गोंड राजांच्या काळापासून कोहळी आदी लोकांनी ते बांधले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली मिळून त्यांची संख्या सहा हजारांवर आहे. मातीची पाळ, शेतास पाणी सोडणारे तुडूम आणि जादा पाणी वाहून नेणारा सांडवा, एवढ्यावर तेथे पाण्याची पातळी राखली जाते. वरच्या तलावाचा सांडवा पुष्कळदा खालच्या तलावास भरतो.

आमच्या घरी काचेच्या पेटीत मासे आहेत. त्यांतील काच चाटून स्वच्छ ठेवणारा, दुकानदार ज्यास 'सकर' म्हणतात तो मासा, पेटीत मावेनासा झाला. ''व्याह्यांच्या गावच्या तलावात सोडू. बिचारा जगेल,'' असे सूनबाईंनी सुचविले. नातवाने तर माझेच शिकविणे माझ्यापुढे ठेविले, ''आजोबा, मनूनेही मासा घागरीतून खड्ड्यात आणि खड्ड्यातून समुद्रात नेला ना?''

शतपथ ब्राह्मणातील कथा खरीच. परंतु मोठा मासा लहानास गिळतो, हे भय त्या माशाने आरंभीच सांगितले होते. तलावातील मरळ, शिंगूर यांच्या पिलांचा विचार कोणी करावयाचा? शिवाय सकर हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. तो काठाच्या मातीत आडवी बिळे कोरून अंडी घालतो. मातीची पाळ अशी पोखरली गेली, तर पाणी कशाच्या आधारावर राहावे?

''सांडव्यावर जाळी बांधू,'' असे व्याही म्हणाले. पिले अडतील इतकी बारीक जाळी पहिल्याच पुरात पालापाचोळ्याने बुजते. मग पाणी तुंबते, पाळीवरून वाहू लागते आणि पाळच फुटण्याचा प्रसंग येतो. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढून विणीस जाणारे गावचे मासेही तीच जाळी अडविते. जाळी सैल करावी, तर परका मासा निसटून खालच्या तलावांत पसरतो. सारांश, पाण्याची वाट तीच माशांची वाट असल्यामुळे पातळी सांभाळणे आणि परका मासा अडविणे ही दोन्ही कामे एका जाळीने साधत नाहीत.

कायद्याचा हातही तोकडाच पडतो. आफ्रिकन मागुरावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. तथापि त्याची चोरटी पैदास महाराष्ट्रात त्यानंतरही उघडकीस आली आहे. तलावात एकदा सुटलेला मासा वेचून काढणे जवळजवळ अशक्य. तेव्हा तो सोडणारा हात आवरणे, हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय होय, आणि तो हात बहुधा आपल्यासारख्या दयाळू कुटुंबातीलच असतो.

आमचा सकर सध्या परसातील हौदात, झाकणाखाली आहे. त्यास परत घेणारा दुकानदार मिळेपर्यंत त्याचे करणे नातवाकडे सोपविले आहे. जीव घरी आणताना तो किती वाढेल व किती वर्षे जगेल, हे आधी विचारावे, एवढेच वाचकांस सांगणे आहे.